जेवणाच्या सुट्टीतला चेहरा

दुपारी एकला या, दोनला कामावर परत जा. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काही कळणार नाही, तो फार तर ‘आज एकदम फ्रेश दिसतेस’ म्हणेल. सौंदर्योपचारांच्या जाहिरातींचा गेल्या काही वर्षांत हा ठरलेला सूर झाला आहे. लोकलच्या डब्यात, रिक्षाच्या पाठीवर, इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये तोच कानावर येतो. वेळ लागत नाही आणि एकदा केलं की कायमचं, असं त्याचं ध्रुपद. या धंद्याने त्याला नावही दिलं आहे: ‘लंच-टाइम प्रोसिजर’. वर ‘झिरो डाउनटाइम’ अशी शेपटी.

हा सूर निव्वळ खोटा असता तर त्याला उत्तर देणं सोपं गेलं असतं. पण त्यातलं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर कुठे ना कुठे खरं असतं. दहा मिनिटांत उरकणारे उपचार आहेत. डोळ्यांत भरणारा फरक दाखवणारे उपचारही आहेत. लबाडी आहे ती दोघांना एकाच वाक्यात बसवण्यात. आत शिरलेल्या माणसाला ही सांधेजोड दिसत नाही. ती दिसते तिसऱ्या दिवशी, घरच्या आरशात.

या उपचारांना किती दिवस लागतात हे स्वच्छ सांगायची एक परंपरा मराठी मुलखातच होती, तिथून सुरुवात केलेली बरी.

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आलं. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिगत होती. नाव पारशी वाटतं, पण पत्रात त्याला शेतकरी जातीतला मराठा म्हटलंय. १७९२च्या लढाईत तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार म्हणावं अशा एका माणसाने त्याला नवीन नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचं पत्रात नमूद आहे. कावसजीचं चित्र काढलं जेम्स वेल्सने. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं गाजलेलं चित्र ज्याचं, तोच हा वेल्स.

पत्रातला तपशील आजही बारकाईने वाचण्यासारखा आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून माप घ्यायचं. तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची, पण दोन भुवयांच्या मधला एक दुवा तसाच जोडलेला ठेवायचा. वरून विड्यात घालतात तो कात पाण्यात मऊ करून, फडक्याच्या पाच-सहा पट्ट्यांवर पसरून लावायचा. चार दिवसांनी त्या पट्ट्या काढून तुपात बुडवलेल्या घड्या ठेवायच्या. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि २५व्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधला दुवा कापायचा.

हे २५ दिवस कशासाठी? वळवलेल्या कातडीला तोवर कपाळाकडूनच रक्त मिळत असतं. खालच्या बाजूने नव्या रक्तवाहिन्या जुळायला तेवढा वेळ जातो. दुवा आधी कापला तर नाक काळं पडून गळून जाईल. कुंभाराला रक्तवाहिन्यांचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण हा हिशेब त्याच्या हातात होता. हे पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि युरोपात प्लॅस्टिक सर्जरीचं नवं पर्व सुरू झालं. ही शस्त्रक्रिया यशस्वी होते, असंही त्या पत्रात ठासून सांगितलंय. जाहिरातीची खोड तेव्हाही होती तर! पण दिवस मात्र एकही लपवलेला नव्हता.

आता पुण्याजवळच्या त्या वीटभट्टीतून आजच्या वातानुकूलित दवाखान्यात येऊ. डिसेंबरात लग्न ठरलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. गालावर मुरुमांचे डाग, वरच्या ओठावर थोडा काळेपणा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती ‘ब्रायडल पॅकेज’ विचारायला जाते. समोर डॉक्टर नसतो, ‘काउन्सेलर’ असते, आणि तिच्या टॅबमध्ये दोन फोटो असतात, आधीचा आणि नंतरचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे उतावळेपणाची सोय दवाखान्यानेच करून ठेवलेली असते.

तिला सुचवतात ‘केमिकल पील’, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलणं. जेवणाच्या सुट्टीत बसणारं पील आणि फोटोतला फरक दाखवणारं पील ही दोन निराळी पिलं आहेत. वरवरचं, सौम्य ग्लायकोलिकचं पील खरोखरच दहा मिनिटांचं काम. पंखा चेहऱ्यावर धरून बसायचं, मुंग्या आल्यासारखं होतं, धुऊन घ्यायचं, झालं. संध्याकाळपर्यंत थोडा लालसरपणा, दोन दिवस कातडी ताणल्यासारखी. पण अशा एका सिटिंगने काही विशेष दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा सिटिंग झाली की डाग फिके होतात. म्हणजे डिसेंबरातल्या लग्नासाठी गणपतीतच सुरुवात करायला हवी होती.

फोटोतला फरक येतो तो बहुतेकदा मध्यम खोलीच्या पिलाने. त्याची दिनदर्शिका वेगळी. आम्ल लावताच त्वचेवर पांढरट थर येतो आणि जळजळ चांगलीच जाणवते. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजलेला, तपकिरी, चामड्यासारखा ताठ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोलायला सुरुवात होते, तीही आधी तोंडाभोवती, कारण तिथली कातडी बोलता-खाताना सारखी हलते. सापाच्या कातेसारखे पापुद्रे लोंबतात आणि ते ओढायचे नसतात. नेमकं हेच कुणी पाळत नाही, बोट आपोआप तिकडे जातं. सात ते दहा दिवसांनी खाली गुलाबी, कोवळी त्वचा उघडी पडते. तिला ऊन अजिबात चालत नाही आणि हळदही झोंबते. चार दिवसांवर आलेल्या हळदीच्या कार्यक्रमात नवरीच्या गालाला हळद लावू नका, असं आत्यांना सांगण्याची हिंमत कुणात आहे?

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा म्हणून एक स्वभाव आहे. तिला जखम झाली, चटका बसला, मुरुम फुटला, की तिथल्या रंगपेशी खवळतात आणि जास्तीचा रंग ओततात. म्हणूनच आपल्याकडे मुरुम जातो आणि डाग राहतो. पील किंवा लेझर हीदेखील त्वचेच्या दृष्टीने ठरवून केलेली इजाच. ती थोडी जास्त झाली किंवा नंतर ऊन लागलं, तर तीन-चार आठवड्यांनी, सगळं बरं झालं म्हणून निश्चिंत झाल्यावर, त्याच जागी काळपट छाया उमटते. ती फिकी व्हायला काही महिने लागतात. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडले. सुरुवातीची ती विभागणी गोऱ्या कातडीपुरती होती, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले गेले. भारतातली बहुसंख्य माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. तरीही परदेशी यंत्रासोबत आलेला पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या त्वचेचा फोटो आपल्याकडच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेला दिसतो. लेझरची ताकद सावळ्या त्वचेसाठी कमी ठेवावी लागते, म्हणजे सिटिंग वाढतात, म्हणजे महिने वाढतात. हे साधं त्रैराशिक आहे. कुठल्याच जाहिरातीत ते मांडलेलं नसतं.

वांगाचं तर विचारूच नका. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी किंवा नुसत्या उन्हाने गालांवर फुलपाखरासारखा पसरणारा हा काळेपणा ताब्यात ठेवता येतो, मुळातून उपटता येत नाही. उष्णतेनेही तो चाळवतो, त्यामुळे चुकीच्या लेझरने तो अधिक गडद होऊन बसतो. रोज सनस्क्रीन, तेही बोटाच्या टोकाएवढं नव्हे, चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा, हा त्यावरचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत खात्रीचा इलाज. कंटाळवाण्या इलाजाचं पॅकेज करता येत नाही, म्हणून त्याचा फलक लागत नाही.

आता ‘कायमचं’ या शब्दाकडे वळू.

लेझरने नको असलेले केस काढणं हा आज बहुधा सर्वांत जास्त विकला जाणारा उपचार असावा. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक साधी, सुंदर कल्पना मांडली: प्रकाशाची तरंगलांबी आणि वेळ नेमकी निवडली तर आजूबाजूची त्वचा न भाजता फक्त हव्या त्या रंगद्रव्याला तापवता येतं. केसांचं लेझर याच कल्पनेवर चालतं. केसातला काळा रंग प्रकाश शोषतो, तापतो आणि मूळ जाळतो. यातून दोन गोष्टी निघतात. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, कारण तापायला रंगच नाही. आणि एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात. जे विश्रांतीत आहेत ते त्या दिवशी सुटून जातात. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ सिटिंग लागतात. अमेरिकेचं औषध प्रशासन या यंत्रांना ‘केस कायमचे कमी करणं’ एवढाच दावा करू देतं, ‘केस कायमचे काढणं’ असा नाही. फरक एका क्रियापदाचा. आपल्याकडच्या फलकांवर नेमकं तेच बदललेलं असतं. आणि ज्या तरुणीला पीसीओएसमुळे हनुवटीवर केस येतात, तिच्या शरीरातली संप्रेरकं नवे केस घडवतच राहतात. तिला वर्षातून एक-दोनदा पुन्हा यावं लागणार, हे पहिल्या पैशाच्या आधी सांगायला हवं.

बोटॉक्सची गोष्ट उलटी. तिथे कायमचं काहीच नाही, आणि ते बरंच आहे. बोट्युलिनम हे जिवाणूचं विष अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचलं की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही आणि स्नायू सैल पडतो. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स हे औषध पापण्यांच्या आचक्यांसाठी वापरत होत्या. १९८७ च्या सुमारास त्यांच्या एका रुग्णबाईच्या लक्षात आलं की टोचल्यावर भुवयांमधली आठी जाते. पुढे २००२ मध्ये अमेरिकेने त्या आठ्यांसाठी औषधाला परवानगी दिली. टोचायला खरोखर दहा मिनिटं लागतात. पण त्याच दुपारी काही दिसत नाही. तीन-चार दिवसांनी फरक जाणवू लागतो आणि पुरता परिणाम दोन आठवड्यांनी येतो. तीन-चार महिन्यांत मज्जातंतू नवे धागे काढतो आणि आठी घरी परतते. औषध थोडं खाली सरकलं तर एखादी पापणी काही आठवडे अर्धी मिटलेली राहते. ते आपोआप सुधारतं, पण लग्नाचा अल्बम तोवर छापून झालेला असतो.

फिलरबाबत मात्र थट्टेला जागा नाही. ओठ, गाल किंवा डोळ्यांखालचे खड्डे भरायला हायलुरोनिक आम्लाचं जेल टोचतात. दोन-तीन दिवस सूज, कधी आठवडाभर काळंनिळं, आणि परिणाम सहा महिने ते दीड वर्ष. ओठांची पहिल्या दिवशीची सूज पाहून ‘फार झालं’ म्हणून रडणाऱ्या आणि ती उतरल्यावर ‘काहीच झालं नाही’ म्हणून भांडणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असतात. पण जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा पांढरी पडते, जाळीदार निळसर होते आणि वेळीच हालचाल केली नाही तर मरते. नाकाच्या आणि कपाळाच्या भागात असं झालं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचितच घडतं, तरी त्याच्या नोंदी आहेत. उतारा आहे हायलुरोनिडेज, जेल विरघळवणारं औषध. म्हणून ब्यूटी पार्लरात फिलर घेणाऱ्याने विचारायचा प्रश्न एकच: त्याची कुपी आत्ता, या खोलीत, कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे? आणि समोरच्याचा चेहरा कोरा राहिला तर चपला घालायच्या.

सुई ही सुईच असते, हे न्यू मेक्सिकोने दाखवून दिलं. तिथल्या एका विनापरवाना स्पामध्ये २०१८ मध्ये ‘व्हॅम्पायर फेशियल’ घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये अहवालात मांडलं. स्वतःचंच रक्त चेहऱ्यात टोचायचं म्हणजे भीती कसली, असं त्यांना वाटलं असणार.

प्लॅस्टिक सर्जरीच्या नावातच एक गैरसमज दडलेला आहे. कित्येकांना अजून वाटतं की त्यात प्लॅस्टिक बसवतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, आकार देणं. इथेही पुन्हा कुंभारच. दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: प्लॅस्टिक सर्जनने टाके घातले की वण राहत नाही. जिथे कापलं तिथे वण येणारच. सर्जनचं कसब तो घडीत, केसांच्या कडेला किंवा पापणीच्या रेषेत लपवण्यात असतं. वण पहिले दोन-तीन महिने लाल, टणक आणि खाजरा होतो. नेमकं तेव्हाच लोक घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे धावतात. तो मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. सावळ्या त्वचेत जखमेच्या बाहेर पसरणारा जाड वणही जास्त वेळा होतो. कानाच्या पाळीला टोचल्यावर गाठ आलेली एखादी मावशी प्रत्येक घरात असते. तिच्या घरातल्यांनी हा इतिहास सर्जनला न विचारता सांगायला हवा.

नाकाच्या शस्त्रक्रियेत आठवडाभर नाकावर साचा, दोन आठवडे डोळ्यांखाली काळंनिळं, आणि शेंड्याची सूज उतरायला वर्ष. सहाव्या आठवड्यातलं नाक हे कच्चं नाक, त्यावरून सर्जनचं कौतुकही करू नये आणि भांडूही नये. काही जणांना दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागतं. कुठल्याही प्रामाणिक सर्जनकडे ही यादी असते.

चरबी काढण्याची शस्त्रक्रिया, लायपोसक्शन, ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आहे हा समज घालवणं अशक्य दिसतं. ती आकाराची शस्त्रक्रिया आहे. व्यायामाने न हलणारी जागोजागची चरबी तिने निघते. एका वेळी साधारण पाच लिटरपेक्षा जास्त काढणं मोठ्या जोखमीचं मानलं जातं. नंतर चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा दिवसरात्र. मे महिन्यात विदर्भात ते काय असतं, ज्यानं घातलं त्यालाच ठाऊक. वजनकाट्यावर तर पहिल्या आठवड्यात आकडा सुजेमुळे वरच जातो. २०२२ मध्ये बंगळुरूत अशाच शस्त्रक्रियेनंतर एका २१ वर्षांच्या कन्नड अभिनेत्रीचा मृत्यू झाला. घरच्यांना तिने सांगितलंही नव्हतं, अशा बातम्या होत्या. ‘छोटीशी प्रोसिजर’ ऐकलेलं माणूस घरी कशाला सांगेल?

पण सर्वांत निलाजरी वेळचोरी केसरोपणात चालते. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस सहसा गळत नाहीत, म्हणून तिथली मुळं उपटून पुढे लावतात. मागे नवीन काही उगवत नाही. तो पट्टा म्हणजे मुदत ठेव, आणि तिच्यावर व्याज मिळत नाही. पंचविशीतल्या मुलाची अर्धी ठेव कपाळावर खर्च केली आणि पस्तिशीत टाळूवरचे केस गेले, तर पुढे झालर आणि मागे मैदान असं डोकं उरतं. दिवसांचा हिशेब असा: दहा दिवस बारीक खपल्या. तीन-चार आठवड्यांनी लावलेले केस चक्क गळून पडतात. मुळं जिवंत असतात, पण हे आधी न सांगितलेला माणूस उशीवरचे केस पाहून हाय खातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोंब, आणि खरा निकाल वर्षभराने. याला ‘शनिवारी करा, सोमवारी ऑफिस’ म्हणणं ही केवढी धिटाई!

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक मुळं लावल्याचं तेव्हा छापून आलं होतं. कानपूरमध्ये केसरोपणानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये मिळून दोन अभियंते दगावले. आरोपी म्हणून ज्या व्यक्तीचं नाव आलं ती दंतवैद्य होती. या दोहोंच्या मध्ये, सप्टेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केलं होतं की हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं, आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे प्रशिक्षण नव्हे. देशाच्या वैद्यकीय आयोगाला यूट्यूबचं नाव घेऊन हे सांगावं लागतं, यावरून बाजाराची अवस्था कळावी.

‘मग नकोच ते दवाखाने, आपली क्रीम बरी’ म्हणणाऱ्यांचंही खरं नाही. औषधाच्या दुकानात ‘ती गोरं करणारी ट्यूब’ मागितली की मिळते त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरोखर उजळतो, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुम आणि बारीक केस येतात. आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो, म्हणून माणूस पुन्हा तीच लावतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर चोख आहे. गोरेपणाच्या क्रीममधल्या पाऱ्याची गोष्ट त्याहून वाईट. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं अशाच एका क्रीममुळे बिघडल्याचं मुंबईच्या केईएममधल्या तपासणीत निघालं, ही बातमी २०२३ ची. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातले १५ जण एका दुर्मीळ उपप्रकाराचे निघाले, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम लावल्याचं सांगितलं.

या सगळ्यावर धंद्याचं उत्तर तयार असतं. आम्ही कुणाला ओढून आणत नाही, माणूस सज्ञान आहे, संमतिपत्रावर सही करतो. ते संमतिपत्र एकदा पाहावं. चार पानं, बारीक इंग्रजी टाइप, आणि सही कधी? चेहऱ्याला भूल देणारं मलम चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यावर, पैसे भरून झाल्यावर, चष्मा काढून ठेवलेला असताना. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगून ठेवलंय की संमती म्हणजे उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके समजल्यावर दिलेली संमती. रुग्णाला कळणाऱ्या भाषेत ते सांगितलेलं नसेल तर सहीला अर्थ काय उरतो? दुसरी गंमत करांची. जन्मजात व्यंग किंवा अपघाताची दुरुस्ती वगळता सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपण यांना सरकार आरोग्यसेवा मानत नाही, त्यावर जीएसटी लावतं. विमाही त्याला हात लावत नाही. बिलात ती चैन, जाहिरातीत ती ‘ट्रीटमेंट’, आणि काही बिघडलं की पुन्हा ‘प्रत्येकाची त्वचा वेगळी असते हो’.

खाजगीत आणखी एक युक्तिवाद होतो: सगळे दिवस सांगितले तर कुणी येणारच नाही. हा युक्तिवाद करणाऱ्यांनी गुडघा बदलणाऱ्या सर्जनकडे पाहावं. तो पहिल्या भेटीत सांगतो, सहा आठवडे दुखेल, तीन महिने व्यायाम, जमिनीवर मांडी घालणं विसरा. तरी त्याच्या दारात रांग आहे.

उलट्या बाजूचेही काही आहेत. असल्या बातम्या आल्या की ‘देवाने दिलेला चेहरा काय वाईट होता’ म्हणणारे. त्यांच्याशी तर मुळीच जमायचं नाही. फाटलेल्या ओठाचं बाळ, स्टोव्हच्या भडक्यात मान छातीला चिकटलेली बाई, मुरुमांच्या खड्ड्यांमुळे मुलाखतीत मान वर न करणारा मुलगा, यांना हाच शास्त्राचा हात मिळतो. आणि ‘गोरी, सुंदर वधू पाहिजे’ अशी जाहिरात छापणाऱ्या समाजाने ती मुलगी पील करायला गेली म्हणून नाकं मुरडायची, हे अजब आहे. १९७५ पासून ‘फेअर’ असलेल्या क्रीमचं नाव २०२० मध्ये ‘ग्लो’ झालं. स्थळांच्या याद्यांमधला शब्द अजून तोच आहे. चेहरा बदलावासा वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. किती दिवसांत, किती काळासाठी आणि कुणाच्या हातून, हे विचारल्यावर खरं उत्तर मिळावं, एवढंच मागणं.

तसे डॉक्टर आहेतही. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात असा त्वचारोगतज्ज्ञ सापडतो, जो नोव्हेंबरात आलेल्या नवरीला पील नाकारतो, रात्री लावायला एक मलम आणि सकाळी सनस्क्रीन लिहून देतो आणि ‘लग्न झाल्यावर ये, निवांत करू’ म्हणतो. त्याच्या टेबलावर मराठीत छापलेला एक कागद असतो: पहिला दिवस, तिसरा दिवस, सातवा दिवस, तिसरा आठवडा, काय दिसेल, काय लावायचं, कधी फोन करायचा. भिंतीवर कुणाचेही फोटो नसतात. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे काही करून घेता येत नाही, कारण दारावरच पाटी आहे: दुपारी १ ते ४ बंद.